फोन पालथा ठेव आणि सांग: तिसरी-चौथीच्या मुलांना इंटरनेट शिकवतानाच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण: संगमेश्वर तालुक्यातली जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. मुलं तिसरी-चौथीची, १९. टॅबलेट ५. आठवड्याला एक तास, ४० मिनिटांचा. मुख्य भाग गणपतीआधी संपवायचाच आहे. यंदा (२०२५) चतुर्थी २७ ऑगस्टला. चाकरमानी आले की ज्या घरात एक फोन असतो तिथे सहा होतात, आणि ते कुणाच्या हातात आहेत याकडे त्या गडबडीत कुणाचं लक्ष नसतं.

२३ जून २०२५, सोमवार

मुलांना काय येतं ते आधी बघायचं होतं. 'तू फोनवर काय बघतोस?' असं विचारलं की या वयाची मुलं आपल्याला हवं ते उत्तर देतात ('अभ्यास'). म्हणून प्रश्नावली बाजूला ठेवली. प्रत्येकाला अर्धा कागद दिला आणि सांगितलं, घरातल्या फोनची पहिली स्क्रीन आठवून काढ. वेळ १५ मिनिटं.

यूट्यूबचा लाल चौकोन आणि व्हॉट्सअ‍ॅपचा हिरवा गोळा जवळजवळ सगळ्यांच्या कागदावर आहे. पैसे पाठवायच्या अ‍ॅपचं चिन्हही बऱ्याच जणांनी काढलंय. नऊ ठिपके मात्र आम्ही सांगितले नव्हते. काही मुलांनी कोपऱ्यात ते काढले आणि त्यांतून रेघही ओढून दाखवली: कुणाची उलटी 'एल', कुणाची 'झेड'. घरातल्या मोठ्यांचा पॅटर्न लॉक मुलांना बोटांच्या हालचालीवरून पाठ झालेला आहे. म्हणजे 'पासवर्ड कुणाला सांगू नको' हा धडा मुलांच्या आधी पालकांना द्यावा लागणार. क्रम बदलला.

ते कागद परत देऊन टाकले. इतरांचे लॉक कागदावर ठेवून घेणं बरोबर नाही.

३० जून

टॅबलेट तयार केले. एका टॅबलेटला साधारण ३५ मिनिटं लागतात.

आधी जुनी खाती काढून टाकली. पाचपैकी दोन टॅबलेटवर मोठ्या माणसाचं वैयक्तिक गूगल खातं होतं, त्यामुळे त्यांचे फोटो आणि सर्च हिस्ट्री मुलांसमोर उघडी होती. फॅक्टरी रिसेट करून शाळेचं वेगळं खातं घातलं. क्रोम आणि नेहमीचं यूट्यूब 'डिसेबल' केलं. ठेवलं ते एवढंच: दीक्षा (सरकारी अभ्यासाचं अ‍ॅप), यूट्यूब किड्स (लहान मुलांसाठीचं यूट्यूब), कॅमेरा, चित्र काढायचं एक अ‍ॅप. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षामधूनच स्कॅन होतात, त्यासाठी ब्राउझर लागत नाही.

मग प्रायव्हेट डीएनएस: साइटचा पत्ता फोनने कुणाकडून शोधून घ्यायचा ते ठरवणारी सेटिंग. तिथे नको त्या साइट अडवणारी गाळणी लावता येते. सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि इंटरनेट, तिथे प्रायव्हेट डीएनएस, तिथे तिसरा पर्याय: होस्टनेम. त्यात क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या गाळणीचं नाव: 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम'. अँड्रॉइड ९ आणि पुढच्या सगळ्यांत ही सोय आहे, काही कंपन्यांच्या फोनमध्ये ती 'अधिक कनेक्शन'च्या आत असते. नेहमीची चूक म्हणजे या रकान्यात १.१.१.३ हा आकडा टाकणं. तो राउटरसाठी आहे. इथे नावच लागतं, आकडा टाकला तर 'सेव्ह' होत नाही. चालतंय का हे बघायला घाणेरड्या साइट उघडायची गरज नाही. क्लाउडफ्लेअरने चाचणीसाठीच 'न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम' हा पत्ता ठेवलाय. तो उघडला नाही, तर गाळणी लागली. (ही चाचणी क्रोम बंद करण्याआधी करावी. आम्ही नंतर केली आणि पाचही टॅबलेटवर क्रोम पुन्हा चालू करावं लागलं.)

दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. ज्या वायफायला आधी लॉगिनचं पान येतं, तिथे हे लावल्यावर ते पान कधीकधी उघडतच नाही. मग कुणीतरी वैतागून प्रायव्हेट डीएनएस बंद करतं आणि परत लावायचं विसरतं. आम्ही मोबाइल डेटाच्या हॉटस्पॉटवर चालवतो, तिथे अडचण आली नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: ही गाळणी पत्त्यावर चालते. एखादी साइट अख्खी अडवते, पण यूट्यूबच्या आत कोणता व्हिडिओ चाललाय हे तिला दिसत नाही. 'फिल्टर लावलाय, आता निर्धास्त' असं पालकांना चुकूनही सांगायचं नाही.

यूट्यूब किड्समध्ये 'अप्रूव्ह कंटेंट युवरसेल्फ' हा प्रकार निवडला. यात सर्च बंद होतो आणि आपण निवडलेलंच दिसतं. पालकांच्या सेटिंग्जचं कुलूप मात्र आठवणीने बदलायचं. सुरुवातीला तिथे गुणाकाराचं उदाहरण येतं, उत्तर बरोबर दिलं की सेटिंग्ज उघडतात. आपल्या शाळांत पाढे रोज म्हणतात. चौथीच्या मुलाला ते कुलूप अडवूच शकत नाही. तिथेच स्वतःचा चार अंकी पासकोड ठेवायची सोय आहे, तो ठेवला.

७ जुलै

पहिला तास, टॅबलेट कपाटातच. जुन्या वह्यांचे पुठ्ठे फोनच्या मापाने कापून १० 'फोन' केले होते, त्यांवर सरकवायला १२ रंगीत कार्डं. प्रत्येक कार्डावर मुलांच्या खेळांत मधेच येणाऱ्या जाहिरातीसारखं चित्र: 'तुम्ही जिंकलात', 'फोनमध्ये व्हायरस', 'इन्स्टॉल', एक रडणारं मांजर आणि खाली 'वाचवा'. चार-पाच जणांचे गट केले आणि विचारलं, आता काय करशील?

पहिल्या फेरीत आमची चूक झाली. 'खरी फुली शोधा' असं सांगितलं आणि त्याची शर्यत झाली. जो आधी बोट ठेवेल तो जिंकला. म्हणजे नको ती सवय आम्हीच लावत होतो: जाहिरात दिसली की झटकन बोट. फुकट खेळांतल्या जाहिरातींत फुली मुद्दाम उशिरा येते, बारीक असते, आणि कित्येकदा ती फुली जाहिरातीच्याच चित्राचा भाग असते. तिच्यावर बोट ठेवणं म्हणजे जाहिरातीवरच बोट ठेवणं. आठ वर्षांच्या मुलाने खरी-खोटी फुली ओळखायची, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसऱ्या फेरीत वेगळं शिकवलं: फोनचं बटण आणि चित्रातलं बटण. चित्रातलं बटण कुणीही काढू शकतं, खोटंही. खालचं होमचं बटण फोनचं आहे, जाहिरातीला ते बदलता येत नाही. मुलांना हे एका मिनिटात पटलं, कारण त्यांनी नुकतीच पुठ्ठ्यावर स्वतः बटणं काढली होती. एक जण म्हणाला, 'म्हंजे ह्या बटण मी काढलंय तसाच त्यांनीपन काढलानी.' यापुढे आमच्या तासात हेच वाक्य वापरायचं.

आताच्या बऱ्याच फोनवर खाली तीन बटणं नसतात, खालून वर बोट सरकवावं लागतं. खेळ पूर्ण स्क्रीनवर असेल तर पहिल्यांदा सरकवल्यावर काही होत नाही, दुसऱ्यांदा होतं. हे सांगितलं नाही तर मूल 'फोन अडकला' म्हणून घाबरतं आणि दिसेल ते दाबत सुटतं. 'दोनदा वर' हे हाताने करवून घेतलं, प्रत्येकाकडून पाच वेळा.

१४ जुलै

स्वतःची माहिती. यासाठी घराचाच नकाशा घेतला: अंगण, ओटी, माजघर. अंगणात कुणीही येतं, ओटीवर ओळखीचं माणूस बसतं, माजघरात घरचेच. १६ चिठ्ठ्या वाटल्या आणि फरशीवर खडूने आखलेल्या तीन चौकोनांत ठेवायला सांगितल्या: आवडतं फळ, पाळलेल्या मांजराचं नाव, स्वतःचं नाव, आडनाव, वाडी, शाळा, गणवेशातला फोटो, आईचा नंबर, बाबा मुंबईहून कधी येणार, फोनचा पॅटर्न, मेसेजमधला सहा आकडी नंबर आणि अशाच आणखी.

फळ आणि मांजर अंगणात, यावर भांडण नाही. 'स्वतःचं नाव' यावर बराच वाद झाला, आणि तो होऊ दिला. मग तीन चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून दाखवल्या. नुसतं नाव कळलं तर सापडणं अवघड. नाव आणि आडनाव कळलं तर आपल्या भागात वाडीही कळते. त्यात गणवेशाचा फोटो आला, त्यावर शाळेचं नाव. आता कुणीही फाटकाशी येऊन उभं राहू शकतं. एकेक चिठ्ठी साधी असते, दोरा धोकादायक असतो. मुलांना यादी पाठ होत नाही, दोरा लक्षात राहतो.

सहा आकडी नंबराचं जरा सविस्तर लिहितो, कारण शहरातल्या साहित्यात हे सापडत नाही. इथे आजी-आजोबांना मेसेज वाचून दाखवायचं काम तिसरी-चौथीच्या मुलाचं असतं. बँकेच्या नावाने फोन येतो, आजी फोन नातवाकडे देते, समोरचा म्हणतो 'बाळा, आत्ता आलेला नंबर वाच बघू.' मूल आनंदाने वाचतं, त्याला वाचनाचं कौतुक हवं असतं. 'ओटीपी सांगू नका' हे वाक्य त्याच्यासाठी कोरडं आहे, कारण आपण 'ओटीपी' सांगतोय हे त्याला माहीतच नसतं. म्हणून असं बसवलं: मेसेज आजीला वाचायचा, फोनमधल्या माणसाला नाही. त्याने मागितला की फोन ठेवून द्यायचा, कितीही गोड बोलला तरी. जोड्या लावून सराव केला, एक आजी, एक नातू, फोनमधला माणूस आम्ही. पहिल्या खेपेला बहुतेकांनी आकडे वाचून टाकले. तिसऱ्या खेपेला थांबले.

त्याच्याच बाजूची गोष्ट: पैसे *घ्यायला* पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. चौथीला हे कळतं, तिसरीला अर्धवट.

मोठ्यांचंही बघितलं पाहिजे. शाळेच्या स्टेटसवर मुलाचा चेहरा, नाव, इयत्ता आणि मागे शाळेची पाटी असा फोटो टाकणं म्हणजे आपणच दोरा ओवून देणं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती मागितलीय. या प्रकल्पाचे फोटो पाठमोरे, किंवा नुसते हात आणि कार्डं.

१९ जुलै, शनिवार, संध्याकाळी ७

पालकसभा. लावणी चालू आहे, दिवसा कुणी येणार नाही हे धरून वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात घेतली. ४५ मिनिटांत तीनच कामं, ती स्वतःच्या फोनवर तिथल्या तिथे.

पॅटर्न लॉक बंद करून सहा आकडी पिन. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको, मुलांना दोन्ही माहीत असतात.

प्ले स्टोअरमध्ये खरेदीआधी प्रत्येक वेळी ओळख विचारण्याची सेटिंग.

तिसरं अ‍ॅप पिनिंग, म्हणजे फोन एकाच अ‍ॅपमध्ये अडकवून ठेवणं. सेटिंग्जमध्ये सुरक्षा, तिथे 'अ‍ॅप पिनिंग' चालू, आणि 'पिन काढण्याआधी लॉक विचारा' हेही चालू. ही दुसरी खूण करायची राहून गेली तर पहिलीचा उपयोग नाही. मग हवं ते अ‍ॅप उघडायचं, अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीत जाऊन त्याच्या चिन्हावर टिचकी मारायची, 'पिन' निवडायचं आणि फोन मुलाच्या हातात द्यायचा. एका अ‍ॅपमधून कधीकधी दुसरं अ‍ॅप उघडतं, त्यामुळे हे पक्कं कुलूप नाही. पण मूल सहज पैशांच्या अ‍ॅपमध्ये किंवा बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जात नाही.

गूगलचं फॅमिली लिंक (मुलाच्या फोनवर पालकांनी लक्ष ठेवायचं अ‍ॅप) आम्ही इथे सुचवत नाही. ते चांगलं आहे, पण मुलाचा स्वतःचा फोन आणि स्वतःचं खातं असेल तिथे. एकच फोन आई, आजी आणि दोन पोरं वापरत असतील तर तो फोन मोठ्यांच्याच खात्यावर चालतो. अशा घरात यूट्यूब किड्स आणि अ‍ॅप पिनिंग एवढंच खरोखर टिकतं.

उरलेला वेळ एकाच वाक्यावर घालवला. मुलाने येऊन काही वाईट दाखवलं तर तुमच्या तोंडून पहिलं काय येईल? प्रामाणिक उत्तरं आली: 'कुणी सांगितलं होतं बघायला', 'दे तो फोन इकडे', आणि एक धपाटा. या तिन्हींचा मुलाला एकच अर्थ लागतो, पुढच्या वेळी सांगायचं नाही. मुलं गप्प राहतात त्यामागे बघितलेल्या गोष्टीच्या भीतीपेक्षा फोन जाईल ही भीती मोठी असते. म्हणून पहिलं वाक्य ठरवून घेतलं आणि सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं: 'बरं झालं सांगितलंस.' फोन काढून घ्यायचा नाही, निदान त्या दिवशी तरी नाही. बाकी काय ते नंतर.

२१ जुलै

पावसाने वीज नाही. टॅबलेट १५ टक्क्यांवर. पुठ्ठ्याच्या फोनवर मागची उजळणी.

२८ जुलै

मुख्य कृती आज हातात बसवली: थांब, पालथा, सांग.

काहीतरी भीतीदायक, घाणेरडं, न कळणारं दिसलं, किंवा पोटात कसंतरी झालं, की बोट उचलायचं, फोन पालथा ठेवायचा, उठून मोठ्या माणसाकडे जायचं. बंद करायचा नाही. का? बंद करायला जाताना मूल आणखी चार बटणं दाबतं. शिवाय पालथा फोन उलटा केला की मोठ्यांना नेमकं काय होतं ते दिसतं, बंद फोनमध्ये ते हरवतं. आणि पालथा घातल्या क्षणी चित्र डोळ्यासमोरून जातं. मुलासाठी ते सगळ्यात तातडीचं.

खऱ्या टॅबलेटवर सराव घेतला. आम्हीच निवडलेल्या पाखरांच्या चित्रांत मधे एक पूर्ण लाल चित्र ठेवलं. लाल आलं की पालथा. भीतीदायक चित्र सरावाला वापरू नये, त्याची गरज नाही आणि दुष्परिणाम मात्र होतो. तीन फेऱ्या. पहिल्यात मुलं 'बाई, लाल!' म्हणून टॅबलेट सगळ्यांना दाखवत होती. खऱ्या प्रसंगात नेमकं हेच होतं, एकाने बघितलेलं दहा जण बघतात. म्हणून 'पालथा' हा शब्द मधे ठासून घेतला: आधी पालथा, मग पाय, मग तोंड.

४ ऑगस्ट

गुपित आणि सरप्राईज. येत्या शनिवारी, ९ तारखेला राखी आहे, तेच उदाहरण घेतलं. भावाने बहिणीसाठी काय आणलंय हे शनिवारपर्यंत सांगायचं नाही, ते सरप्राईज. त्याला शेवटचा दिवस असतो आणि शेवटी सगळे हसतात. 'आपल्या दोघांतच ठेव, आईला कधीच सांगू नको' याला शेवटचा दिवस नाही. असलं गुपित मोडायचंच.

खेळात बोलणारे लोक याच बेताने येतात. आधी खेळातले डायमंड किंवा कपडे फुकट देतात, मग फोटो मागतात, मग दुसऱ्या अ‍ॅपवर ये म्हणतात. मुलांना 'अनोळखी माणूस वाईट' असं शिकवलं नाही. महिनाभर रोज खेळलेला माणूस मुलाच्या लेखी अनोळखी राहत नाही, आणि त्रास देणारं माणूस ओळखीचंही असतं. म्हणून माणूस कोण हे सोडून मागणी काय ते बघायचं: फोटो, गुपित, दुसरीकडे ये. तिन्हींपैकी एकही आली की पालथा.

११ ऑगस्ट

शिक्षकांसाठी पान तयार करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. मजकूर असा:

मूल सांगायला आलं तर ऐकायचं, त्याचेच शब्द त्याच्याच बोलीत लिहायचे, तारीख आणि वेळ टाकायची. पुन्हापुन्हा विचारायचं नाही. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, ते पाळता येत नाही. लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ लागू होतं: पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेत मिटवणं हा पर्याय नाही. बालकाचं अश्लील चित्र कुणालाही पुढे पाठवायचं नाही, 'पुरावा म्हणून' मुख्याध्यापकांनाही नाही. स्क्रीनशॉटही काढायचा नाही, फोन जसाच्या तसा पोलिसांकडे. चाइल्डलाइन १०९८. तातडीला ११२. पैसे गेले असतील तर १९३०, आणि ते लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळायची आशा असते. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर. महिला आणि मुलांबाबतची तक्रार तिथे नाव न देताही करता येते.

१८ ऑगस्ट

'सांगायची पेटी' (सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून टाकायची पेटी) बंद केली. तिसरीच्या मुलाला लिहायला वेळ लागतो, पेटीपाशी उभा राहिलेला सगळ्यांना दिसतो, आणि १९ मुलांच्या शाळेत अक्षर लगेच ओळखू येतं. त्याऐवजी घरच्या अभ्यासाची वही, जी सगळेच रोज देतात. बोलायचं असेल तर शेवटच्या पानाचा कोपरा दुमडायचा, मधल्या सुट्टीत आम्ही सहज म्हणून बोलावू. दोन दिवसांत कळलं की पावसाळ्यात दप्तरातल्या वहीचे कोपरे आपोआप दुमडतात. आता मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलने छोटा गोल. बोलून झाल्यावर खोडायचा.

२५ ऑगस्ट

सुट्टीआधीचा शेवटचा तास. विषय एकच: मुंबईहून आलेला मोठा दादा फोन पुढे करून म्हणतो, 'बघ ना, काय होत नाही.' नुसतं 'नाही' म्हणणं या वयाला जमत नाही, सगळे हसतात. म्हणून निसटायची वाक्यं मुलांकडूनच काढून घेतली. त्यांनी दिलेली आमच्यापेक्षा चांगली होती: 'आये हाक मारतेय', 'माझी आरती चुकेल', 'मला टाळ वाजवायचेत'. निसटायला खोटं चालेल का, असं एकीने विचारलं. चालेल, असं स्पष्ट सांगितलं.

प्रत्येकाने सुट्टीतली दोन मोठी माणसं वहीत लिहिली, ज्यांना सांगता येईल. एक घरातलं, एक घराबाहेरचं. दोन मुलांना दुसरं नाव सुचेना. त्यांच्याशी वेगळं बोललो.

८ सप्टेंबर

शाळा भरली. 'सुट्टीत काही झालं का?' असा प्रश्न वर्गात विचारायचा नाही, हे आधीच ठरलेलं. कार्डांचा खेळ पुन्हा घेतला, मधे नवीन चार कार्डं. 'दोनदा वर' सगळ्यांच्या बोटात आहे. पालथा ठेवणं टिकलंय. दोरा आठवतो, पण कुठली माहिती माजघरातली हे तिसरीला परत सांगावं लागलं. आजी-नातू सराव दर महिन्याला एकदा घ्यावा लागेल, त्यात ढिलाई लगेच दिसते.

दोन वह्यांच्या मागे पेन्सिलचा गोल आहे. दोघांनाही मधल्या सुट्टीत बोलावलं. त्यातलं इथे काही लिहीत नाही.

पुढच्या तासाआधी: फाटलेली सहा कार्डं नवीन करणं, पाचव्या टॅबलेटचं चार्जर, आणि देवळातल्या सभेला न आलेल्या घरांकडे जाऊन पिन बदलून देणं.